दाराला दिंडी हवी

अमेरिकेच्या उपनगरांत राहणाऱ्या आपल्या मुलांच्या घरांना पुढचे दार असते. पण ते बहुतेक पाहुण्यांसाठी आणि पार्सलवाल्यासाठी. घरची माणसे ये-जा करतात ती गॅरेजमधून. घर दिसू लागले की गाडीतूनच बटण दाबायचे, भलेमोठे दार घरघरत छताकडे सरकते, गाडी आत जाते, पुन्हा बटण, की दार खाली. मग आतल्या छोट्या दाराने थेट घरात. पुढच्या दाराची किल्ली कुठे ठेवली आहे, हे कित्येकांना चटकन सांगताही येत नाही. थोडक्यात, घराचे खरे महाद्वार गॅरेजचे, आणि ते उघडण्याचे काम छताला टांगलेल्या एका यंत्राकडे सोपवलेले.

हे यंत्र तसे जुने आहे. वर सरकणारे दार सी. जी. जॉन्सन या गृहस्थांनी १९२१ साली अमेरिकेत काढले आणि १९२६ साली ते उघडणारे विजेचे यंत्रही त्यांनीच आणले. शंभर वर्षे झाली, पण हे यंत्र विकत घेताना लोक प्रश्न विचारतात ते अजून मोटारीचेच. अर्धी अश्वशक्ती की पाऊण? साखळीचे की पट्ट्याचे? मोबाइलवरून चालेल का?

या प्रश्नांची उत्तरे सोपी आहेत. साखळीचे यंत्र स्वस्त आणि दणकट, पण आवाज करणारे. गॅरेजच्या वर कोणाची झोपायची खोली असेल, तर रबरी पट्ट्याचे घ्यावे. छत मोकळे हवे असेल, तर भिंतीवर बसणारे यंत्रही मिळते. रिमोटचा संकेत दर वेळी बदलणारा असावा. पूर्वीच्या यंत्रांत तो एकच असे आणि चोराला त्याची नक्कल करणे सोपे जाई. एवढे पाहिले की खरेदी झाली, असे बहुतेकांना वाटते.

पण गंमत अशी की दाराचे वजन मोटार उचलतच नाही. दोन गाड्यांचे दार सहज दीड-दोनशे पौंडांचे, म्हणजे सत्तर ते नव्वद किलोंचे असते. ते तोलून धरते दाराच्या माथ्यावरची पीळ दिलेली स्प्रिंग. मोटारीचे काम फक्त ढकलण्या-ओढण्याचे. साधी स्प्रिंग साधारण दहा हजार वेळा दार वर-खाली करण्याच्या हिशोबाने बनवतात. घरात दोन नोकरदार आणि दिवसाला चार फेऱ्या धरल्या, तर अडीच हजार दिवस, जेमतेम सात वर्षे. मोटार गुरगुरते पण दार हलत नाही, अशी तक्रार आली की आधी स्प्रिंगकडे पाहावे. नवी मोटार घेऊन तुटलेली स्प्रिंग सांधत नाही. मात्र स्प्रिंगला स्वतः हात लावू नये. तिच्यात कोंडलेला जोर हाडे मोडू शकतो. ते काम जाणत्या कारागिराचेच.

यंत्राच्या सरकत्या भागाला एक लाल दोरी लोंबकळत असते. ती ओढली की दार मोटारीपासून सुटते आणि हाताने उघडता येते. दार पूर्ण खाली असतानाच ती ओढायची. वर असताना ओढली आणि स्प्रिंग तुटलेली असली, तर दार धाडकन कोसळेल. दोरी ओढून दार हाताने कमरेइतके उचलावे आणि सोडावे. तिथेच थांबले तर तोल ठीक. खाली आपटले किंवा वर पळाले, तर कारागिराला बोलवावे. यंत्र निवडण्याआधीची खरी परीक्षा ही.

दुसरी गोष्ट लहान मुलांची. खाली येणाऱ्या दाराखाली सापडून अमेरिकेत अनेक मुलांचा जीव गेला. अखेर १९९० साली तिथल्या संसदेने कायदा केला आणि १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या प्रत्येक घरगुती यंत्राला अशा अपघातापासून संरक्षण देणारी व्यवस्था सक्तीची झाली. म्हणूनच दाराच्या दोन्ही अंगांना, जमिनीपासून सहा इंचांच्या आत, समोरासमोर दोन छोटे डोळे दिसतात. त्यांच्यामधला किरण तुटला की खाली येणारे दार उलटे फिरते. कोळिष्टक अडकले, धक्क्याने डोळा तिरका झाला किंवा ऊन थेट त्यावर आले, तरी दार बंद व्हायला नकार देते. मग काही हुशार मंडळी हे डोळे काढून छताजवळ एकमेकांसमोर बांधून टाकतात. दार सुरळीत चालते आणि कायद्याने दिलेले संरक्षण संपते. फडक्याने काच पुसण्याचा कंटाळा एवढा महाग पडू नये.

आता मुख्य मुद्दा. ऑक्टोबर २०१७ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात भीषण वणवे लागले. मध्यरात्री वीज गेली, गॅरेजची दारे उघडेनात. काही वृद्ध माणसे गाडी असूनही घरातून निघू शकली नाहीत आणि त्यांचा अंत झाला. पुढच्याच वर्षी त्या राज्याने कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या यंत्राला बॅटरी असलीच पाहिजे, असे ठरवले. कायदा चांगलाच आहे. पण बॅटरीही मरते, आणि दोरी ओढल्यावर तुटक्या स्प्रिंगचे दार सत्तरीतल्या बाईला उचलत नाही.

बँकेच्या नोकरीत तिजोरी सांभाळताना आम्हाला एक शिस्त होती. किल्ल्या दोन, दोन अधिकाऱ्यांकडे. आणि त्यांची दुसरी जोडी दुसऱ्या शाखेत. दार किती घट्ट बंद होते, याइतकाच महत्त्वाचा प्रश्न असे की उद्या हा अधिकारी आला नाही, तर ते उघडणार कसे? आपल्या पूर्वजांनाही हे कळत होते. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याला खिळे आहेत तसे पोटात माणूस जाईल एवढे छोटे दारही आहे. वाड्यांच्या दारांनाही अशी दिंडी असे. मोठे दार बंद राहिले, तरी माणसाची वाट बंद होत नसे. गॅरेजच्या दाराची दिंडी म्हणजे ती लाल दोरी. आणि ज्या सुट्या गॅरेजला दुसरे दारच नाही, तिथे बाहेरून किल्लीने हीच दोरी ओढणारे छोटे कुलूप बसवून घेता येते. ते बसवलेच पाहिजे.

लेकीकडे न्यू जर्सीत आम्ही उभयता राहून आलो आहोत. ती नोकरीवर गेली की दिवसभर घरात आम्ही दोघेच. अशा घरांत पाहुण्या आईबापांना ओव्हन शिकवतात, चोरघंटीचा आकडा पाठ करून घेतात. लाल दोरी कोणी दाखवत नाही, कारण तिथे वीज क्वचित जाते आणि तिची गरज कोणाच्या ध्यानीमनी नसते. भारनियमनात मुरलेल्या आपल्या पिढीने तरी ती विचारावी.

आणि हे फक्त अमेरिकेचे नव्हे. पुण्या-नाशिकच्या बंगल्यांनाही आता मोटारीची फाटके आणि शटर आले आहेत. फाटकाची मोटार हातासाठी मोकळी करणारी किल्ली असते, शटरला बाजूची साखळी असते. पण ती किल्ली मालकाच्या कपाटात आणि रात्री फाटकाशी रखवालदार, अशी स्थिती असेल, तर ती असून नसल्यासारखीच.

आज रविवार. परदेशातल्या मुलांचा फोन येईल. तब्येत, हवा, नातवंडांची शाळा विचारून झाली की एवढेच विचारा : तुमच्या घरातल्या सगळ्यांना वीज नसताना ते दार उघडता येते का? ‘हो’ म्हणाले, तर शेवटचे कधी उघडून पाहिले, तेही विचारा.