पायलट व्हा, पण बापाचे शेत विकून नव्हे

नेरसारख्या तालुक्याच्या गावात बारावी झालेल्या आपल्या मुलाने किंवा मुलीने "मला पायलट व्हायचे आहे" म्हटले, की दोन उत्तरे मिळतात. पहिले घरातले : "ते मोठ्या लोकांचे काम, तू पोलीस भरतीची तयारी कर." दुसरे शहरातल्या एजंटचे : "पन्नास-साठ लाखांची सोय करा, दीड वर्षात पोरगा विमानात." पहिले उत्तर जातीने आपल्या तोंडात घातले आहे, दुसरे बाजाराने. आंबेडकरी तरुणाने दोन्ही नाकारावीत आणि स्वतः हिशोब मांडावा. सामाजिक काम करताना हा प्रश्न अलीकडे वारंवार कानावर येतो, म्हणून हा लेख.

प्रश्न आत्ताच येतो याला कारण आहे. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ पासून प्रवासी विमानसेवा सुरू झाली. तिथेच वर्षाला १८० वैमानिक घडवणारी प्रशिक्षण संस्था उभारण्याचे एअर इंडियाने २०२४ मध्ये जाहीर केले. गोंदियाजवळ बिरसीला राष्ट्रीय पातळीची प्रशिक्षण संस्था आधीपासून आहे. म्हणजे धावपट्टी विदर्भात आली. आता अंतर किलोमीटरचे उरलेले नाही, रुपयांचे आहे.

हे अंतर मोजू. व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. रायबरेलीजवळच्या फुरसतगंजच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीत, म्हणजे सरकारी संस्थेतसुद्धा, फी ४५ लाखांच्या आसपास जाते. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा वर्षाला अडीच लाख आहे. त्या मर्यादेवरच्या कुटुंबाने अठरा वर्षे एक घासही न खाता पैसे साठवले, तर फी भरेल. राखीव जागा आहे, पण ती घ्यायला पैसा नाही. अशा आरक्षणाला काय म्हणायचे?

बँकेत जा म्हणतात. मोठ्या शैक्षणिक कर्जाला तारण लागते. आपल्या किती घरांकडे निर्वेध सातबारा आहे? कुणाची जमीन गायरानावरचे अतिक्रमण, तर कुणाची भोगवटादार वर्ग दोनची. ज्यांच्याकडे चार-पाच एकर कोरडवाहू आहे, त्यांचे कपाशी-सोयाबीनचे गणित दर हंगामाला बिघडते. ते शेत गहाण टाकून पोराला विमानात बसवणे याला मी धाडस म्हणणार नाही. परवाना मिळाल्यावरही खर्च थांबत नाही. एअरबस किंवा बोइंग चालवण्यासाठी त्या प्रकारच्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण लागते, ते पुन्हा लाखांत. एजंट २०२३ मधल्या इंडिगोच्या ५०० आणि एअर इंडियाच्या ४७० विमानांच्या मागणीचे आकडे सांगतो. २०१९ मध्ये जेट एअरवेज आणि २०२३ मध्ये गो फर्स्ट बंद पडली, हे तो सांगत नाही. अशा वेळी नवखा परवानाधारक अनुभवी वैमानिकांच्या मागे रांगेत उभा राहतो आणि कर्जाचा हप्ता मात्र सुरू असतो.

मग स्वप्न सोडायचे का? नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी उच्च, वैज्ञानिक आणि तांत्रिक शिक्षणाचा पैसा सरकारकडे मागितला. परदेशी शिक्षणाचाही मागितला. आजच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची सुरुवात १९४४ ची. जे शिक्षण सर्वात महाग, तिथेच सरकारने आधी उभे राहिले पाहिजे, हा त्या मागणीचा अर्थ होता. आपण मात्र निर्वाह भत्त्यावर समाधान मानायला शिकलो. केंद्राच्या टॉप क्लास योजनेत वैमानिक प्रशिक्षणाचा समावेश होता, पण आधीच्या नियमांत खासगी फ्लाइंग क्लबसाठी मर्यादा होती वर्षाला ३.७२ लाख. दोन वर्षांचे साडेसात लाखही होत नाहीत. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर पदवी व पीएचडीसाठी आहे, त्यामुळे परदेशी फ्लाइंग स्कूलला तिचा उपयोग नाही.

महाज्योतीने ओबीसी आणि भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत वैमानिक प्रशिक्षणाची योजना आणली. प्रत्यक्ष प्रशिक्षण रखडले, तरी तत्त्व बरोबर होते : खर्च शासनाचा, निवड गुणवत्तेवर. समाजकल्याण खात्याकडे आपली मागणी याहून एक पाऊल पुढची हवी. राखीव जागेवर निवड झाली की संपूर्ण फी थेट संस्थेला, टप्प्याटप्प्याने, उड्डाणाचे तास पूर्ण होतील तशी.

तोवर ज्याला जायचेच आहे त्याने क्रम पाळावा. स्वस्त गोष्ट आधी, महाग शेवटी.

आधी वैद्यकीय तपासणी. डीजीसीएची वर्ग दोन आणि मग वर्ग एक. डोळे, कान, हृदय यांत अपात्र ठरलात तर काही हजारांत कळेल, फी भरल्यावर नव्हे. मग बारावीचे भौतिकशास्त्र आणि गणित. कला किंवा वाणिज्य शाखा असेल तर हे दोन विषय राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून करता येतात. त्यानंतर हवाई नियम, दिशानिर्देशन, हवामानशास्त्र हे पेपर. हा अभ्यास विमानात बसण्याआधी होतो. हे पेपर सुटले, तरच पुढे पैशाची भाषा.

जागा निवडताना पहिला प्रयत्न फुरसतगंजच्या राखीव जागेसाठी. त्यासाठी जातीचे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात हवे. बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीचा दर्जा १९९० च्या दुरुस्तीने मिळाला, पण प्रमाणपत्रावरच्या नोंदीत घोळ राहिला तर ऐनवेळी अडचण येते. तहसीलचे काम आजच करा. नंतर गोंदिया आणि इतर संस्था. तिथे चार प्रश्न विचारा. आज किती विमाने प्रत्यक्ष उडतात? विद्यार्थ्याला महिन्याला सरासरी किती तास मिळतात? मागच्या तुकडीने २०० तास किती महिन्यांत पूर्ण केले? मध्येच सोडल्यास पैसे परत मिळतात का? पायलटच्या घरातल्या मुलाला हे प्रश्न जेवणाच्या ताटावर कळतात. समाजशास्त्रात यालाच सांस्कृतिक भांडवल म्हणतात. आपल्याला ते एकमेकांना सांगूनच उभे करावे लागेल. डीजीसीएने २०२५ मध्ये संस्थांची श्रेणी लावली, तेव्हा वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था नव्हती. जाहिरात कितीही चकचकीत असो, हे ध्यानात ठेवा. परदेश सर्वात शेवटी. तिथे तास लवकर होतात हे खरे, पण परतल्यावर परवान्याच्या रूपांतरासाठी इथल्या परीक्षा आणि चाचण्या असतातच.

आकाशात जाण्याचे बिनफीचे रस्तेही आहेत. एनडीएतून वायुदलात वैमानिक होता येते, २०२१ पासून मुलींनाही. त्याच्या तयारीसाठी दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरला मुलांची आणि नाशिकला मुलींची शासकीय सैनिकी सेवापूर्व संस्था आहे. भौतिकशास्त्र-गणित घेऊन बीएस्सी झालेल्यांना विमानतळ प्राधिकरणात हवाई वाहतूक नियंत्रकाची भरती असते, आणि तिथे आरक्षण लागू आहे. ही दुय्यम कामे नव्हेत. नियंत्रकाच्या परवानगीशिवाय विमान धावपट्टीवर येत नाही.

शेवटी एक कटू गोष्ट. २७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया टाटांकडे गेली आणि तिथले आरक्षण संपले. २०२५ मध्ये एका मोठ्या खासगी विमान कंपनीतील दलित प्रशिक्षणार्थी वैमानिकाने जातिवाचक अपमानाची तक्रार अॅट्रॉसिटी कायद्याखाली नोंदवली. कंपनीने आरोप फेटाळले. निकाल न्यायालय देईल. पण गणवेश चढवला की जात गळून पडते, असे मानून कुणी या क्षेत्रात जाऊ नये. कायदा माहीत असलेला आणि मागे संघटना असलेला माणूसच तिथे टिकेल.

म्हणून 'तालुक्यातला पहिला बौद्ध पायलट' असा फ्लेक्स लावण्याआधी विहारात एक बैठक घ्या. प्रमाणपत्रे तपासा, वैद्यकीय तपासणीच्या खर्चाला वर्गणी काढा आणि पूर्ण फीच्या मागणीचे निवेदन यवतमाळच्या समाजकल्याण कार्यालयात द्या. शेत विकून एक जण उडेल. ही मागणी मान्य झाली तर दरवर्षी तुकडी उडेल.

जय भीम!