दुःखाची बोली आणि यंत्राचा सराव

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली संगणकाशी लेखी संवाद साधणारी एक आज्ञावली जगासमोर ठेवली. तिचे नाव त्यांनी 'एलायझा' ठेवले. शॉच्या 'पिग्मॅलियन'मधील ही एलायझा मराठी वाचकाला परकी नाही. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली 'ती फुलराणी'मधून तिला मंजुळा करून आपल्या रंगभूमीवर आणले, आणि तिची बोली 'सुधारण्या'चा प्राध्यापकी अट्टहास आपण तेव्हापासून हसत हसत पाहत आलो आहोत. वायझेनबाउम यांच्या एलायझाची सर्वांत गाजलेली भूमिका मानसोपचारकाची होती. समोरच्याचे वाक्य उलटवून ती त्याचाच प्रश्न करी, एवढेच तिचे भांडवल. पण माणसे तिच्याजवळ मन मोकळे करू लागली आणि खुद्द तिचा कर्ता अस्वस्थ झाला.

आता भूमिका उलटल्या आहेत. अमेरिकेत समलिंगी, पारलिंगी इत्यादी तरुणांच्या आत्महत्या रोखण्यासाठी 'द ट्रेव्हर प्रोजेक्ट' ही संस्था काम करते. तिने २०२१ साली स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणासाठी 'रायली' नावाचे एक पात्र यंत्रात उभे केले. रायली हे नॉर्थ कॅरोलायनातील, चिंतेने आणि नैराश्याने ग्रासलेले किशोरवयीन पात्र. शिकाऊ स्वयंसेवकाने त्याच्याशी लेखी संवाद साधायचा, चुकायचे, पुन्हा साधायचा. पूर्वी ही भूमिका संस्थेतील माणसे वठवीत, आणि रात्री वा सुटीच्या दिवशी सवड असणाऱ्या स्वयंसेवकांची त्यात अडचण होई. एलायझा ऐकणाऱ्याचे सोंग घेत होती. रायली दुःखिताचे सोंग घेते. खऱ्या तरुणाशी मात्र अखेर माणूसच बोलतो.

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येत नाही, कारण प्रश्न आपल्या वर्गाच्या दाराशी आला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा खटल्याच्या निकालात शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत पात्र समुपदेशक हवा. आणि सर्व शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक प्रथमोपचाराचे, धोक्याची लक्षणे ओळखण्याचे व योग्य ठिकाणी पाठवण्याचे प्रशिक्षण मिळायला हवे. म्हणजे संकटातल्या मुलाला पहिला प्रतिसाद देणारी व्यक्ती म्हणून कायद्याने आता मराठीचा शिक्षक, ग्रंथपाल आणि शिपाईही गृहीत धरला आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातील आत्महत्यांमध्ये १३,०४४ विद्यार्थी होते. ही आकडेवारी पाहता न्यायालयाचा आग्रह अनाठायी म्हणता येणार नाही.

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील बोरी अरबसारख्या गावी हे प्रशिक्षण कसे होईल, याची कल्पना करून पाहावी. बहुधा एक दिवसाचे व्याख्यान, पडद्यावर सरकणारे मुद्दे, शेवटी प्रमाणपत्र आणि चहा. पण ऐकणे हे कौशल्य आहे, आणि कौशल्य व्याख्यानाने येत नाही. ते हात चालवून येते. दोन सहकारी शिक्षकांना समोरासमोर बसवून एकाला 'तू खचलेला विद्यार्थी हो' म्हटले, तर दोघांनाही हसू आवरत नाही. हा सराव एकांतात, कितीही वेळा आणि कोणाचेही वाईट न होता यंत्रावर करता येत असेल, तर त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. सामान्य माणूस हे काम शिकू शकतो, याला शेजारच्या अमरावती जिल्ह्याचाच पुरावा आहे. तेथील तीस गावांत 'विश्राम' प्रकल्पाने गावातल्याच कार्यकर्त्यांना तयार केले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, नैराश्यग्रस्तांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

मग आक्षेप कशाला? माझा आक्षेप यंत्राला नाही. ते जी मराठी बोलेल तिला आहे.

अशा यंत्राला आज मराठीत दुःखी व्हायला सांगितले तर ते साधारणपणे असे म्हणेल: 'मला खूप एकटे वाटते आणि भविष्याबद्दल सतत चिंता वाटते.' वाक्य शुद्ध आहे, निदानही त्यातच आहे. पण दारव्ह्याकडचा सतरा वर्षांचा मुलगा असे बोलत नाही. तो म्हणेल, 'काई नाई सर, असंच. करमून नाई राह्यलं.' आणि गप्प बसेल. 'करमत नाही' हा आपल्या भाषेतला विलक्षण प्रयोग आहे. त्यात कर्ता नाही, कारण नाही, तक्रारही नाही. सासरी गेलेल्या मुलीला करमत नाही, सुटीत पाहुणा आलेल्या पोराला करमत नाही, आणि ज्याला जगणेच नकोसे झाले आहे त्यालाही करमतच नाही. यांतले कोणते 'करमत नाही' समोर आले आहे, हे पुढच्या प्रश्नावर आणि त्याआधी धीराने सोसलेल्या शांततेवर ठरते. 'असंच' हा शब्दही तसाच. त्याने दार लोटले जाते, पण कडी लागत नाही. ज्याने सरावात फक्त निदानासह येणारी वाक्ये ऐकली, त्याला ही फट दिसणार नाही.

यंत्र हे कोठून शिकणार? ते लिखित मजकुरावर पोसलेले असते, आणि वऱ्हाडी लिहिली गेली फार कमी. जी लिहिली-बोलली जाते, तीही आज बरीचशी विनोदासाठी. 'काहून', 'कायले', 'पोट्टे' हे शब्द कानी पडताच हसण्याची सवय आपल्या नाटक-चित्रपटांनी लावली आहे. त्यावर वाढलेले यंत्र वऱ्हाडी बोलले तरी सोंगाड्यासारखे बोलेल, आणि ते ऐकून तयार झालेला शिक्षक खऱ्या मुलाच्या बोलीतली व्यथाही गंमत म्हणून ऐकेल. ज्यांच्या घरी गोरमाटी किंवा कोलामी बोलली जाते आणि मराठीच दुसरी भाषा आहे, त्यांची गोष्ट तर आणखी पुढची.

दुसरा दोष स्वभावाचा. ही यंत्रे समोरच्याला खूष ठेवण्याकडे झुकलेली असतात. दोन सहानुभूतीची वाक्ये ऐकली की ती म्हणतात, 'धन्यवाद, आता मला बरे वाटते.' अशा आज्ञाधारक दुःखावर सराव केलेल्या माणसाला आपण फार चांगले ऐकतो असा भ्रम होईल. खरा मुलगा चिडतो, विषय बदलतो, परीक्षेचे विचारतो, मध्येच उठून जातो. चांगले सरावपात्र अवघड असले पाहिजे.

आणि हे 'पात्र' आहे, एवढे ध्यानात घेतले की साहित्याच्या अभ्यासकांना या कामात बाजूला उभे राहता येणार नाही. उद्धव शेळके यांनी १९६० च्या 'धग'मध्ये कौतिकच्या तोंडी वऱ्हाडी घातली आणि त्या बोलीला हसण्याची कुणाची छाती झाली नाही. बोलीत दुःख लिहिता येते, याचा याहून मोठा दाखला नको. पात्र काय बोलत नाही, कोठे अडते, कोणाविषयी बोलताना क्रियापद गिळते, हे आपण वर्गात शिकवतो. तीच दृष्टी येथे हवी. रायलीला घडवताना संस्थेने त्या पात्राच्या जुन्या भूमिका-सरावांतील संवाद वापरले होते. आपल्यालाही तोच मार्ग बरा. महाविद्यालयातील मराठी विभागाने समुपदेशकांसह बसावे आणि पात्रे लिहावीत: पोलीस भरतीत तिसऱ्यांदा मागे पडलेला मुलगा, शिक्षण चालू असताना लग्न ठरलेली मुलगी, आईबाप ऊसतोडीला गेल्यावर वसतिगृहात राहिलेला तांड्यावरचा पोरगा. ती पात्रे माणसांनी आधी वठवावीत, त्या सरावांतून यंत्र तयार व्हावे, आणि गावच्या तरुणांनीच ते ऐकून 'आमी असे नाई बोलत' म्हणण्याचा अधिकार राखावा.

खऱ्या मुलांचे खरे संवाद मात्र यासाठी परस्पर घेऊ नयेत. अमेरिकेतील 'क्रायसिस टेक्स्ट लाइन'ने नावे गाळलेले संवाद आपल्याच एका व्यापारी कंपनीला दिल्याचे जानेवारी २०२२ मध्ये उघड झाले, टीका झाली आणि ती देवाणघेवाण थांबवावी लागली. कोणी काळोखात सांगितलेले उजेडात वापरायचे, तर आधी त्याला विचारले पाहिजे.

यंत्रावरच्या सरावाने परीक्षाही संपू नये. शेवटची परीक्षा माणसासमोरच व्हावी, कारण यंत्रासमोर चुकताना आपल्याला लाज वाटत नाही आणि भीतीही वाटत नाही. शिकण्यासाठी ही सोय आहे, पण प्रत्यक्ष प्रसंगी तीच लाज आणि तीच भीती सांभाळून बोलायचे असते. शिक्षकाने सगळे एकट्याने पेलावे असेही नाही. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे. मुलाला तेथवर, किंवा डॉक्टरपर्यंत, सोबत नेणे हेही प्रतिसादकाचेच काम.

'ती फुलराणी'तल्या प्राध्यापकाने मंजुळेला प्रमाण मराठी शिकवण्याची पैज लावली होती. न्यायालयाने सांगितलेल्या प्रशिक्षणात परीक्षार्थी प्राध्यापक आहे आणि बोली शिकायची आहे ती त्याने. यंत्राची मदत अवश्य घ्यावी. पण बोरी अरबचा पोरगा जेव्हा 'असंच' म्हणेल, तेव्हा त्यापुढे आपण काय विचारणार, हे आपल्याला आधीच ठाऊक असले पाहिजे.