कर्करोग्याची श्रद्धा आणि वैद्यक

कर्करोगाचे निदान कानी पडले की, 'यावर उपाय काय?' या प्रश्नाइतक्याच तीव्रतेने आणखी एक प्रश्न रोग्यास छळू लागतो : 'हे माझ्याच वाट्यास का यावे?' उपाय वैद्य सांगतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ रोगी आपापल्या धर्मात शोधतात. तेथे त्यांना आधार लाभतो. क्वचित यातनाही लाभते.

यातना अशी, की हा रोग म्हणजे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ किंवा ईश्वरी शिक्षा होय, असे रोगी मानू लागतो. रोगाचे दुःख असतेच, त्यावर अपराधाचे ओझे चढते. वास्तविक, पेशीतील जनुकांत काही बदल घडून तिचे विभाजन अनिर्बंध होऊ लागणे, हे या रोगाचे मूळ. तंबाखू, काही विषाणू, वाढते वय ही त्याची कारणे. काही वेळा तर पेशी दुभंगताना जनुकांची नक्कल चुकते, एवढेच कारण असते. यात पापपुण्याचा हिशेब कोठेही नाही, आणि हे रोग्यास स्पष्ट शब्दांत सांगणे हे वैद्याचे कर्तव्य आहे असे मला वाटते. प्रार्थनेने गाठ विरत नाही, हेही सांगावयास हवे. तोंडाचा कर्करोग आरंभीच ओळखला तर बहुधा बरा होतो. अंगारेधुपारे करण्यात गेलेले महिने मात्र परत मिळत नाहीत.

म्हणून श्रद्धेला रुग्णालयाच्या दाराबाहेरच ठेवावे काय? लंडन येथे १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस स्थापन करणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स यांनी मरणोन्मुख रोग्याच्या वेदनेची शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक अशी चार अंगे मानली. (वेदनाशामक औषध ठराविक वेळी, वेदना उसळण्यापूर्वीच द्यावे, हा आग्रहही त्यांचाच.) आपल्याकडे मुंबईत १९८६ साली निघालेले शांती आवेदना सदन याच वाटेवरचे. तरीही उपेक्षा सरलेली नाही. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, रोग बळावलेल्या २३० कर्करोग्यांपैकी ७२ टक्क्यांनी, वैद्यकीय व्यवस्थेकडून आपल्या आध्यात्मिक गरजांना अत्यल्प आधार मिळाला किंवा मुळीच मिळाला नाही, असे सांगितले.

डॉक्टरांनी कीर्तनकार व्हावे, असे कोणी म्हणत नाही. 'आपणांस बळ कशाने येते?' एवढे विचारावे. उत्तर भजन असेल, नमाज असेल, धर्म न मानणाऱ्याच्या बाबतीत नातवाचा सहवास असेल. ते टिपून ठेवण्यास केसपेपरावरील एक ओळ पुरते.