एकनिष्ठ इत्तय

अबशालोमाने बंड केले आणि दावीद राजा यरुशलेम सोडून निघाला, तेव्हा गथ नगराहून नुकताच आलेला परदेशी इत्तय ६०० लोकांसह त्याच्याबरोबर निघाला. राजाने त्यास परत जाण्याची मोकळीक दिली. तरी जगणे-मरणे राजाबरोबरच, हा त्याचा निश्चय ढळला नाही. पुढे लढाईत सैन्याचा तिसरा भाग दावीदाने त्याच्या हाती सोपविला.

उगवत्या सूर्यास नमस्कार करणारे पुष्कळ. मावळत्याची सोबत करणारा विरळा. मात्र निष्ठा म्हणजे आंधळेपणा नव्हे. दावीदाचे पत्र येताच यवाबाने निरपराध उरीयास मृत्यूच्या तोंडी दिले. ती केवळ ताबेदारी होय. धन्यास अन्यायापासून परावृत्त करण्याचे धैर्य निष्ठेत असावेच लागते.

परमुलुखाशी इमान राखणे आमच्या किनाऱ्यास नवे नाही. नवगावास तारू फुटून उतरले अशी ज्यांची परंपरा सांगते, ते बेने इस्राएल लोक येथे तेल गाळीत, शनिवार पाळीत, मराठी बोलत पिढ्यान्पिढ्या नांदले. त्यांनी धर्म राखला, शेजारही राखला.

विद्यार्थ्यांनो, मित्रावर खोटा आळ येताच सर्व बाजूस सरतात. त्या घटकेस त्याच्याजवळ उभे राहणे हेच तुमचे रणांगण. आणि पालकहो, त्यापायी मूल शिक्षा भोगून घरी आले, तर त्यास रागे भरू नका, अशी आमची विनंती आहे.