बालकामला : पुडी, पथ्य आणि वेळ

‘कावीळ आपली’ असा समज आपल्या व्यवसायात दृढ आहे, आणि प्रौढांच्या बाबतीत समाजानेही तो मान्य केला आहे. अक्कलकोट-मंगळवेढ्याकडून सोलापुरात येणारा रुग्ण आधी वैद्याकडे किंवा थेट औषधी दुकानात जातो, तो याच विश्वासाने. तान्ह्या बाळाच्या बाबतीत मात्र हा विश्वास जसाच्या तसा स्वीकारणे धोक्याचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दूषित पाण्यातून येणारा ‘ए’ विषाणू प्रौढाला पिवळा करतो. सहा वर्षांखालील बालकात तो बहुधा कावीळ न दाखवताच निघून जातो. ‘बी’ विषाणू प्रसूतीच्या वेळी मातेकडून बाळाकडे येतो. बाळ गुटगुटीत राहते, वजन वाढते, कोणालाही शंका येत नाही. अशा सुमारे 90 टक्के बालकांत तो कायमचा ठाण मांडतो. प्रौढपणी लागण झाल्यास हे प्रमाण 5 टक्क्यांहूनही कमी असते. सारांश, विषाणू असलेले तान्हे बाळ बहुधा पिवळे नसते, आणि पिवळे असलेल्या बाळाचे कारण बहुधा निराळे असते.

दोन आठवड्यांनंतरही कावीळ टिकली, लंगोट गडद पिवळा होऊ लागला आणि शी पांढुरकी झाली, तर चरकांनी शाखाश्रित कामलेत सांगितलेला तिळाच्या कल्कासारखा मल आपल्याला आठवलाच पाहिजे. परंतु तेथे कफाने मार्ग रोधलेला असतो. बाळाची पित्तनलिकाच नष्ट होत असेल, तर कोणताही कल्प तो मार्ग मोकळा करणार नाही. जपानी शल्यविशारद कसाई यांच्या नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया साधारण साठ दिवसांच्या आत झाली तरच यशाची आशा चांगली असते. आधी माळ, मग एक पुडी, मग दुसरी पुडी, यातच हे साठ दिवस सरतात.

पथ्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. क्षीराद बालकाची चिकित्सा मातेमार्फत करावी, हे शास्त्र आपण जाणतोच. पण त्याचा अर्थ मातेचे तूप-तेल तोडणे असा कोठे आहे? आठ महिन्यांच्या बाळाला कावीळ झाली म्हणून उसाचा रस आणि मऊ भात यांवर महिनाभर ठेवणारी घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. पित्त अडले की स्नेह पचत नाही, अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे शोषली जात नाहीत, हाडे मऊ पडतात, रक्त थांबत नाही. अशा बाळाला आहार वाढवून द्यावा लागतो. ऐन वाढीच्या वयात आपण तो कमी करतो, आणि त्याला पथ्य म्हणतो!

औषधांविषयीही एक गोष्ट स्मरणात ठेवावी. बालकांतील यकृद्दाल्युदर हा घातक विकार एके काळी महाराष्ट्रात बराच आढळे. बिनकल्हईच्या पितळी भांड्यांत तापवलेल्या दुधातून जाणारे तांबे हे त्याचे प्रमुख कारण असावे, असे 1980 च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टर व त्यांचे ब्रिटिश सहकारी यांच्या अभ्यासांतून पुढे आले. भांडी बदलली आणि तो विकार जवळजवळ दिसेनासा झाला. हे ठाऊक असताना ताम्रभस्मयुक्त आरोग्यवर्धिनी दुधात उगाळून तान्ह्या बाळाला द्यावयाची काय?

भुईआवळीबाबतही प्रामाणिक राहिले पाहिजे. 1988 साली मद्रासच्या त्यागराजन यांच्या गटाने ‘लॅन्सेट’मध्ये दिलेले निष्कर्ष आपण व्याख्यानांतून अभिमानाने सांगतो, नंतरच्या चाचण्यांत तसे यश मिळाले नाही, हे सांगत नाही. ‘बी’ विषाणूवर तान्ह्या बाळासाठी खरा उपाय म्हणजे जन्मापासून 24 तासांच्या आतील लस. 2011 पासून ती देशभर शासकीय लसीकरणात आहे, आणि 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली मोफत तपासणी व उपचारांचीही सोय आहे. गर्भिणी आपल्याकडे गर्भिणी-परिचर्येसाठी नियमित येतात. त्यांच्या रक्ताच्या तपासण्यांत ‘बी’ची तपासणी झाली आहे काय, एवढे विचारण्यास आपली पदवी पुरेशी आहे. दुकानदार बंधूंनीही बाळाचे वय आणि शीचा रंग विचारल्याशिवाय काविळीची बाटली फळीवरून काढू नये.