फोटोचं माप मशीनवर सोडा, चेहरा सोडू नका



देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. आज शाळेचं ओळखपत्र, शिष्यवृत्ती, भरतीचा फॉर्म, सगळीकडे फोटो लागतो. शहादा, तळोदा, धडगावला छोटा स्टुडिओ टाकायचा विचार असेल, तर रोजचा गल्ला या फोटोंवरच चालणार आहे.

आता हिशेब करा. समजा, एका आश्रमशाळेच्या ४०० ओळखपत्रांचं काम आलं. फोटो कापायला, माप द्यायला, सेव्ह करायला प्रत्येकी २ मिनिटं धरली तरी ८०० मिनिटं झाली. म्हणजे १३ तासांहून जास्त, आणि तेच ते काम!

फोटोशॉपमध्ये यासाठी ‘ॲक्शन’ ही सोय १९९६ पासून आहे. एका फोटोवर काम करताना सगळ्या स्टेप्स रेकॉर्ड करायच्या. मग ‘ऑटोमेट’मधल्या ‘बॅच’ला अख्खं फोल्डर द्यायचं. ३५ बाय ४५ मिलिमीटर, ३०० डीपीआय, जेपीजी. चहा पिऊन येईपर्यंत बरंच काम उरकलेलं असतं. मूळ फोटो मात्र वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवा.

पण लक्षात घ्या, ॲक्शन डोळे झाकून काम करते. चेहरा कुठे आहे ते तिला कळत नाही, ती फक्त ठरलेल्या जागी कापते. म्हणून खरी तयारी फोटो काढतानाच करायची. स्टूल एकाच जागी, ट्रायपॉड एकाच अंतरावर, उजेड एकसारखा. पहिलीची मुलं आणि दहावीची मुलं यांची उंची वेगळी, म्हणून ट्रायपॉड वर्गाप्रमाणे खाली-वर करा आणि फोल्डरही वर्गाप्रमाणेच ठेवा.

आता माझं स्पष्ट मत. ॲक्शनमध्ये ‘गोरं करणं’ कधीच टाकू नका. बरेच जण ब्राइटनेस वाढवून ठेवतात आणि सगळा वर्ग एका झटक्यात पांढराफटक होतो. गिऱ्हाइकाला आवडतं, असं ते म्हणतात. पण सातपुड्यातल्या पावरा किंवा भिल्ल मुलीचा सावळा रंग हा काही फोटोतला दोष नाही. ओळखपत्र ओळख पटवायला असतं. त्यावर तिचाच चेहरा दिसला नाही, तर तुम्ही पैसे कशाचे घेतले? शिवाय आपला रंग ‘दुरुस्त’ करावा लागतो, हा धडा त्या पोरीला आपण का शिकवायचा?

चेहरा काळवंडला असेल तर आधी उजेड सुधारा. तरी कमी पडलं, तर तो एक फोटो हाताने नीट करा. त्यासाठीच तर १३ तासांतले बरेच तास वाचवले ना?

आज एकच करा. जुने १० फोटो घ्या, एक ॲक्शन रेकॉर्ड करा आणि बॅच चालवून बघा. मग दहाही चेहरे एकेक करून स्वतः तपासा. हे तपासणं मशीनवर सोडू नका. गिऱ्हाईक परत येतं ते याच कामासाठी.