जुनेपणाची पावती

सिडकोची स्थापना १९७० सालची; तिने उभारलेली सानपाड्यातील इमारत त्याहून जुनी असणार कशी? परंतु आमच्या दिवाणखान्याला खुर्ची मात्र शंभर वर्षांची हवी! घर बदलताना आजोबांची सागवानी आरामखुर्ची भंगारात द्यायची आणि तसलीच दुसरी मुंबईच्या चोरबाजारातून दामदुपटीने आणायची, याला रसिकता म्हणायला मी तयार नाही.

विक्रेत्यांचे तर विचारूच नका. मोडका पाय नवा, वेताची बैठक नव्याने विणलेली, गादीत काथ्या ताजा, वर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे पॉलिश. आणि सांगायचे काय, तर ‘सारे मूळचेच आहे!’ या एका वाक्याने गिऱ्हाईक फसते आणि कारागीर पुसला जातो.

दुरुस्ती हा काय कलंक आहे? भुसा दाबून केलेली फळी पाण्याने फुगली की संपली. सागवान तासता येते, सांधता येते. पण सांधायला हात लागतो. म्हणून माझे म्हणणे सरळ आहे : जुने किती, नवे किती हे पावतीवर लिहा, कारागिराची मजुरी वेगळी दाखवा. लाकडाच्या वयाचे पैसे मोजणाऱ्यांनी माणसाच्या कामाचेही मोजावेत.